हळदीने गेला की आपला आपण गेला?

तीन वर्षांपूर्वी गर्भाशयमुखाच्या नियमित तपासणीचा माझा अहवाल आला आणि त्यात 'उच्च जोखमीचा एचपीव्ही : आढळला' अशी एक ओळ छापलेली होती. पुढचे काही महिने माझ्याकडे वनौषधींची रीघ लागली. मावशीने काढ्याचे साहित्य कुटून पाठवले, जाऊबाईंनी हळदीच्या अर्काच्या गोळ्या आणून दिल्या, एका मैत्रिणीने हिरव्या चहाच्या अर्काची बाटली हातात ठेवली, आणि ओळखीच्या एका बाईंनी लसणाच्या पाकळीचा असा एक प्रयोग सुचवला की तो लिहिताना मला अजूनही संकोच वाटतो. मात्र पुढे त्याविषयी लिहावेच लागणार आहे. चौदा महिन्यांनी पुन्हा चाचणी केली तेव्हा विषाणू आढळला नाही. मावशी म्हणाली, काढ्याचा गुण आला. जाऊबाईंच्या मते हळदीने काम केले. मैत्रिणीला चहाविषयी तिळमात्र शंका नव्हती. प्रत्यक्षात काढा मी जेमतेम आठवडाभर प्यायले होते, हळदीच्या गोळ्या दोन महिन्यांनी थांबवल्या होत्या आणि चहाच्या अर्काच्या बाटलीचे झाकणही उघडले नव्हते. तरीही तिघींनाही श्रेय घेता आले, आणि तिघींपैकी एकीलाही मी खोटे ठरवू शकले नाही. हा लेख त्या अडचणीतून सुचलेला आहे.

मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. पण वाचायची सवय असल्यामुळे या काळात मी या विषाणूबद्दल आणि त्याच्यावर दिल्या जाणाऱ्या वनौषधींबद्दल जे मिळेल ते वाचत गेले. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस म्हणजेच एचपीव्ही हा एकच विषाणू नसून त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांतले सुमारे चौदा प्रकार उच्च जोखमीचे मानले जातात आणि त्यांतही सोळा व अठरा क्रमांकाचे दोन प्रकार मिळून गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्क्यांना कारणीभूत असतात. हा संबंध ज्यांनी दाखवून दिला त्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे एका पुस्तकात वाचून माझी झोप उडाली होती. त्याच पुस्तकात पुढच्याच पानावर असे होते की ज्यांना हा संसर्ग होतो त्यांच्यापैकी दहातल्या नऊ जणींच्या शरीरातून तो दोन वर्षांच्या आत कोणत्याही औषधाशिवाय निघून जातो किंवा चाचणीत सापडणार नाही इतका दबतो. जो संसर्ग टिकून राहतो त्याचेही कर्करोगात रूपांतर व्हायला, प्रतिकारशक्ती सामान्य असेल तर, साधारणपणे पंधरा ते वीस वर्षे लागतात.

आता मावशीच्या काढ्याकडे या नजरेने पाहावे. ज्या आजाराचे दहातले नऊ रुग्ण आपोआप बरे होतात, त्या आजारावर कोणी काहीही दिले, अगदी रोज सकाळी पाच मिनिटे खिडकीत उभे राहायला सांगितले, तरी नऊ जणी त्या उपायाच्या गुणाची साक्ष देतील. त्या साक्षी खोट्या नसतात. त्या बायकांनी उपाय केलेला असतो आणि त्यांचा अहवाल खरोखर बदललेला असतो. या दोन घटनांना जोडणारा धागा तेवढा आपण आपल्या मनाने ओवलेला असतो. म्हणून या विषाणूच्या बाबतीत 'हे घेतल्यावर किती जणी बऱ्या झाल्या' हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. ज्यांनी ते घेतले नाही त्यांचे काय झाले, हे विचारावे लागते.

हा प्रश्न नीट विचारून केलेला एक अभ्यास माझ्या वाचनात आला आणि त्याने माझे पुष्कळसे समाधान केले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या भारतीय चाचणीत एचपीव्हीचा संसर्ग असलेल्या, पण गंभीर पेशीबदल (म्हणजे पुढे कर्करोगाकडे नेऊ शकणारे पेशींतील बदल) नसलेल्या २८७ स्त्रियांचे गट पाडले होते. काही जणींना 'बसंत' नावाचे अनेक वनस्पतिजन्य द्रव्यांचे मलम योनिमार्गात लावायला दिले, काही जणींना कर्क्युमिनच्या म्हणजे हळदीतील पिवळ्या द्रव्याच्या, योनिमार्गातच ठेवायच्या कॅप्सूल दिल्या आणि उरलेल्यांना दिसायला अगदी तशीच, पण औषधी द्रव्य नसलेली मलमे व कॅप्सूल दिल्या. महिनाभराच्या उपचारानंतर मलमाच्या गटातील ८७.७ टक्के स्त्रियांमध्ये विषाणू सापडला नाही. कर्क्युमिनच्या गटात हे प्रमाण ८१.३ टक्के होते. एवढेच आकडे छापले असते तर घरोघरी हळदीचा जयजयकार झाला असता. परंतु काहीही औषध न मिळालेल्या स्त्रियांमध्येही हे प्रमाण ७३.३ टक्के निघाले. मलमाचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला, कर्क्युमिनचा टिकला नाही. शिवाय हे सगळे आकडे उपचार संपल्यावर लगेच केलेल्या चाचणीचे आहेत. वर्षभराने त्या स्त्रियांची स्थिती काय होती हे त्यांवरून कळत नाही. माझ्या मनात मात्र ७३.३ हाच आकडा घर करून राहिला आहे. जाऊबाईंना मी तो सांगितला तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे आठ टक्क्यांना तरी हळदीने गुण आला ना?" त्यांचा प्रश्न वावगा नव्हता. एवढ्या फरकापर्यंत केवळ योगायोगानेही पोहोचता येते, हे त्यांना समजावताना माझी बरीच दमछाक झाली.

हळदीचे नाव पुन्हा पुन्हा पुढे येते त्याला आधार नाही असे नाही. प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत वाढवलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगपेशींवर कर्क्युमिन टाकले असता विषाणूची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिने कमी होताना दिसली आहेत. पेशीची वाढ रोखून धरणाऱ्या आपल्याच दोन रक्षक प्रथिनांना ही जोडी निकामी करते, आणि कर्करोगाचा सगळा खेळ तेथून सुरू होतो. तेव्हा तिच्यावर घाव घालणारे द्रव्य संशोधकांना आकर्षक वाटणारच. अडचण अशी की पोटातून घेतलेले कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याचे यकृत झटपट विघटन करते. बशीतल्या पेशींना मिळालेली मात्रा चमचाभर हळद घातलेल्या दुधातून गर्भाशयमुखापर्यंत पोहोचत नाही.

रक्तशुद्धीच्या काढ्यांविषयीही येथेच लिहिलेले बरे, कारण मावशीचा काढा त्याच जातीचा होता. हा विषाणू रक्तातून फिरत नाही. त्वचेच्या किंवा आतील नाजूक अस्तराच्या सूक्ष्म ओरखड्यांतून तो सर्वांत खालच्या थरातील पेशींत शिरतो, तेथेच राहतो आणि पेशी वर सरकत जातात तसा त्यांच्याबरोबर वाढत जातो. रक्तात तो उतरत नाही आणि पेशी फोडून दाहही निर्माण करत नाही, म्हणूनच प्रतिकारशक्तीला त्याचा सुगावा उशिरा लागतो. रक्त कितीही 'शुद्ध' केले तरी जो तेथे नाहीच त्याला ते बाहेर कसे काढणार, हा माझा प्रश्न मावशीला उद्धटपणाचा वाटला.

लहान चाचणी आणि मोठी चाचणी यांत केवढे अंतर असते हे मला कोबीच्या कुळातील भाज्यांमुळे समजले. कोबी, फुलकोबी, ब्रोकोली यांत असणाऱ्या इंडोल-३-कार्बिनॉल या द्रव्याची २००० साली तीस स्त्रियांवर चाचणी झाली होती. गर्भाशयमुखातील पेशीबदल बरेच पुढे गेलेल्या या स्त्रियांपैकी औषध घेणाऱ्या सुमारे निम्म्या जणींचे बदल मागे गेले आणि औषधाविना राहिलेल्यांपैकी एकीचेही गेले नाहीत. साहजिकच मोठी आशा निर्माण झाली. पुढे याच द्रव्यापासून पोटात तयार होणाऱ्या डीआयएम या रसायनाची ब्रिटनमध्ये, सौम्य पेशीबदल असलेल्या साडेपाचशे स्त्रियांवर, सहा महिने चाचणी केली गेली. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या स्त्रियांमध्ये काहीही फरक नव्हता. दोन्ही चाचण्यांतील स्त्रियांची अवस्था सारखी नव्हती हे खरे. तरी पहिलीवर बेतलेल्या गोळ्या आजही विकल्या जातात आणि दुसरीचा उल्लेख त्यांच्या जाहिरातीत कुठेही नसतो.

मैत्रिणीच्या हिरव्या चहाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. या चहातील कॅटेचिन द्रव्यांपासून बनवलेल्या मलमाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली मान्यता दिली, आणि वनस्पतीच्या अर्कापासून बनलेले व डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे असे ते तिथले पहिले औषध ठरले. मात्र ती मान्यता जननेंद्रियांच्या बाहेरील त्वचेवर येणाऱ्या चामखिळींपुरती आहे. त्या चामखिळी बहुतेक वेळा सहा आणि अकरा क्रमांकाच्या कमी जोखमीच्या प्रकारांमुळे येतात, आणि हे मलम योनिमार्गात किंवा गर्भाशयमुखावर लावायचे नाही असे त्याच्या माहितीपत्रकावर स्पष्ट लिहिलेले असते. गर्भाशयमुखातील टिकून राहिलेल्या संसर्गावर चहाचा अर्क पोटातून देऊन पाहण्याचा प्रयोगही झाला आहे. सौम्य पेशीबदल असलेल्या ९८ स्त्रियांना चार महिने हा अर्क किंवा औषधी द्रव्य नसलेली कॅप्सूल देण्यात आली. पूर्ण गुण आलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे १७.१ आणि १४.६ टक्के निघाले, म्हणजे जवळपास सारखेच. बाहेरच्या चामखिळीवर जे चालते ते आतल्या संसर्गावरही चालेल, ही उडी आपण किती सहज मारतो!

सगळ्याच बातम्या निराशेच्या आहेत असे मात्र मला म्हणायचे नाही. शिताके अळिंबीच्या तंतूंपासून बनवलेल्या एएचसीसी नावाच्या अर्काची एक चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. अळिंबी ही काटेकोर अर्थाने वनस्पती नाही, पण बाजारात ती याच फळीवर बसते म्हणून तिचा उल्लेख करते. या चाचणीत मुद्दाम अशाच स्त्रिया निवडल्या होत्या ज्यांचा संसर्ग दोन वर्षांहून अधिक काळ गेलेला नव्हता. आपोआप बऱ्या होणाऱ्यांची गर्दी त्यामुळे आधीच बाजूला झाली. सहा महिन्यांनंतर अर्क घेणाऱ्या २२ जणींपैकी १४ जणींमध्ये विषाणू सापडला नाही, तर अर्क न मिळालेल्या १९ जणींपैकी केवळ दोघींमध्ये तसे घडले. चाचणीची आखणी मला पटली, परंतु चाळीस-एक स्त्रियांवरून जगाला औषध सांगता येत नाही; कोबीच्या वेळीही सुरुवातीचे चित्र असेच सुंदर होते. असाच निकाल काहीशे स्त्रियांवर पुन्हा मिळाला तर मी स्वतः मैत्रिणीकडे जाऊन तिची बाटली बदलून मागेन.

वनस्पतीत दम नसतो, हा टोकाचा सूर मला मान्य नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर दिले जाणारे पॅक्लिटॅक्सेल हे औषध यू जातीच्या वृक्षाच्या सालीतून सापडले. चामखिळींवर लावले जाणारे पोडोफायलोटॉक्सिन हिमालयात उगवणाऱ्या पोडोफायलम वनस्पतीच्या मुळातही असते. पण ही दोन्ही द्रव्ये विषारी आहेत. मात्रा मोजून, शुद्ध करून, ठरावीक ठिकाणी वापरली तरच ती औषधे ठरतात. पोडोफायलोटॉक्सिन गर्भाशयमुखावर लावत नाहीत आणि गरोदरपणात ते वर्ज्य आहे. 'नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही' हे वाक्य या दोन वनस्पतींसमोर टिकत नाही.

हे वाक्य मला सर्वांत जास्त खुपते ते योनिमार्गात काहीबाही ठेवण्याच्या सल्ल्यांच्या बाबतीत. लसणाची सोललेली पाकळी रात्रभर आत ठेवावी, असे मला सुचवण्यात आले होते. लसूण ठेचून त्वचेवर बांधल्याने भाजल्यासारखे फोड आल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत; मग आतील पातळ अस्तराचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको. वनस्पतींच्या वाफेवर बसल्याने भाजल्याचीही नोंद आहे. औषधी पाण्याने आतून धुण्याचा परिणाम उलटाच होतो: योनिमार्गातील उपयुक्त जिवाणू तेथील आम्लता टिकवून धरतात आणि धुण्याने तेच वाहून जातात. या सर्वांहून भयंकर प्रकार म्हणजे ब्लडरूट या वनस्पतीचा अर्क आणि झिंक क्लोराइड यांचा दाहक लेप गर्भाशयमुखावर लावून तेथील थर जाळून काढणे. वरचा थर जळून गेल्यावर खाली उरलेला आजार नजरेआड होतो आणि तो वाढत असताना तपासणीत सापडणेही अवघड होते.

आपल्याकडच्या वैद्यकपरंपरेविषयी मला एक वेगळीच गफलत जाणवली. चरकसंहितेत वीस योनिव्यापदे, म्हणजे स्त्रियांच्या जननेंद्रियांचे विकार, सांगितली आहेत आणि अंगावरून पांढरे जाण्यावर लोध्र, अशोक यांसारखी द्रव्ये पिढ्यान्‌पिढ्या वापरली जात आहेत. जुन्या वैद्यांनी जे दिसत होते, दुखत होते, वाहत होते त्याचे वर्णन केले आणि त्यावर उपाय शोधले, यात त्यांचे काही चुकले नाही. पण एचपीव्हीचा संसर्ग दुखत नाही, खाजत नाही आणि सहसा त्यामुळे पांढरेही जात नाही. एखादीला बुरशीमुळे किंवा जिवाणूंमुळे पांढरे जात असेल आणि त्याच वेळी तिच्या अहवालात एचपीव्हीही सापडला असेल, तर पांढरे जाणे थांबल्यावर ती समजते की विषाणूही गेला. प्रत्यक्षात विषाणूचा त्या लक्षणाशी संबंधच नव्हता. विषाणू गेला की नाही हे फक्त चाचणी सांगते, शरीराला वाटणारे बरे सांगत नाही. (गर्भाशयमुखाला हर्पीस सिम्प्लेक्सचाही संसर्ग होतो, तो फोड आणतो, दुखतो आणि पुन्हा पुन्हा उलटतो. त्याच्यासाठी असायक्लोव्हिर गटाची विषाणूरोधक औषधे आहेत, जी त्याला आटोक्यात ठेवतात. एचपीव्हीसाठी तसे पोटात घेण्याचे औषध आजमितीस कोणत्याही वैद्यकशाखेकडे नाही, आणि डॉक्टर 'वर्षाने पुन्हा या' म्हणतात तेव्हा त्यांचा हलगर्जीपणा नसतो.)

यकृताची गोष्ट थोडक्यात. स्वयंपाकातली हळद आणि कपभर हिरवा चहा यांनी कोणाचे काही बिघडत नाही; पण मिरीच्या अर्कासह घट्ट केलेल्या हळदीच्या गोळ्या, हिरव्या चहाचा तीव्र अर्क, अश्वगंधा आणि गुळवेल यांच्यामुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे प्रसिद्ध झालेली आहेत. मी गोळ्या सोडल्या त्या हे वाचूनच. जी स्त्री आधीच एचआयव्हीची, रक्त पातळ करण्याची किंवा अन्य औषधे घेत असेल, तिने काढा घेण्याआधी डॉक्टरांना सांगणे फार आवश्यक आहे.

तरीही माझा मुख्य आक्षेप काढ्यावर नाही. काढा पिऊन पुढच्या तपासणीला वेळेवर जाणाऱ्या बाईचे सहसा काही नुकसान होत नाही. 'काढा चालू आहे, आता तपासणी कशाला' असे म्हणणाऱ्या बाईची मला भीती वाटते. टिकून राहिलेल्या संसर्गाने पेशीबदल तिसऱ्या, म्हणजे कर्करोगाआधीच्या सर्वांत गंभीर पायरीपर्यंत गेले आणि ते तसेच सोडले तर काय होते, याचे उत्तर एका दुर्दैवी प्रकरणामुळे उपलब्ध आहे. न्यूझीलंडमधील एका रुग्णालयात गेल्या शतकात अशा अनेक स्त्रियांवर पुरेसे उपचार न करता त्यांच्यावर केवळ लक्ष ठेवण्यात आले. नंतर नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की ज्यांचा केवळ तुकडा काढून तपासला आणि पुढे काही केले नाही, अशांपैकी सुमारे ३१ टक्के स्त्रियांना तीस वर्षांत कर्करोग झाला. ज्यांच्यावर पुरेसे उपचार झाले त्यांच्यात हे प्रमाण ०.७ टक्के होते. तो उपचार म्हणजे बाधित भाग उष्णतेने किंवा गारठवून नष्ट करणे अथवा विजेच्या तारेने कापून काढणे. यातले बरेचसे उपचार स्थानिक भूल देऊन होतात आणि त्याच दिवशी घरी जाता येते.

जागतिक आरोग्य संघटना तिसाव्या वर्षापासून दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्हीची चाचणी सुचवते. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांसाठी पंचविसाव्या वर्षापासून आणि दर तीन ते पाच वर्षांनी. लस नव्या संसर्गाला अडवते, आधीच झालेला संसर्ग ती घालवत नाही. संसर्ग टिकून राहण्याची शक्यता धूम्रपानाने वाढते. ते सोडण्याच्या फायद्याला जेवढा आधार आहे तेवढा मला वाचनात आलेल्या कोणत्याही काढ्याला नव्हता. आणि ज्या गोष्टीने मला पहिल्या रात्री सर्वांत जास्त छळले तिच्याविषयी इतकेच लिहिते की हा विषाणू अनेक वर्षे दबून राहू शकतो, त्यामुळे अहवालातील ओळ संसर्ग कधी झाला आणि कोणाकडून झाला हे सांगत नाही. तिच्यावरून नवऱ्याची किंवा स्वतःची झडती घेण्यात अर्थ नाही.

मागच्या महिन्यात मावशी राहायला आली तेव्हा हा विषय पुन्हा निघाला. तिने काढ्याची बाजू सोडली नाही आणि मीही ७३.३ सोडला नाही. बोलता बोलता मी तिला तिच्या शेवटच्या तपासणीविषयी विचारले, तर एकोणसाठ वर्षांत तिची एकदाही तपासणी झाली नसल्याचे कळले. "मला काही होतच नाही, मग कशाला?" असे ती म्हणाली. काही होत नाही हेच या विषाणूचे लक्षण आहे, हे मी तिला तिसऱ्यांदा सांगितले. दोन दिवस ती त्यावर काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून तयार होऊन दारात उभी राहिली. नमुना देऊन आम्ही परतलो, अहवाल यायला अजून चार दिवस आहेत, आणि तोवर ती रोज सकाळी काढा उकळते आहे.